व्हायरल लोड दबला, म्हणजे बाई बरी झाली का?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतली एक मावशी शहरातल्या एका एआरटी केंद्रातून हातात कागद घेऊन बाहेर आली. कागदावर लिहिले होते की रक्तात विषाणू आढळला नाही. आतल्या समुपदेशक ताईंनी तिला शाबासकी दिली होती. आम्ही दोघी तिच्यासोबत गेलो होतो. फाटकासमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला, मावशीने क्रीमरोलचे पैसे स्वतः दिले. एवढ्या वर्षांच्या गोळ्यांचे चीज झाले असे आम्हाला वाटले.

परतीच्या पीएमपीत जागा होती. मावशी मात्र दांडा धरून उभी. आम्ही म्हटले, "बसा की मावशी." ती म्हणाली, "राहू दे, बरी आहे." पुढच्या थांब्यावर निम्मी बस रिकामी झाली, तरी ती उभीच. वस्तीच्या कोपऱ्यावर उतरल्यावर ती हळूच बोलली, "बसलं की आग होते गं. आणि वास येतो. शेजारच्या बाईला यायला नको." आम्ही विचारले, किती दिवस झाले? ती म्हणाली, "दोन वर्षं झाली असतील. पांढरं जातं अंगावरनं. ते बायांना असतंच."

त्या दोन वर्षांत ती केंद्रावर कितीतरी वेळा गेली होती. दर वेळी तिच्या उरलेल्या गोळ्या मोजल्या गेल्या, वजन झाले, खोकला आहे का, ताप आहे का हे विचारले गेले. कमरेखाली काही त्रास आहे का, हे तिला एकदाही कोणी विचारले नाही. आणि मोठी शरमेची गोष्ट म्हणजे, आम्हीही विचारले नव्हते.

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. मावशीला वाचून दाखवून, तिची संमती घेऊन तो लिहीत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिची अट एकच होती, "बिचारी म्हणून लिहू नका."

आम्ही कोण, तेही सांगतो. आम्ही सात जण आहोत, चार बाया आणि तीन पुरुष. कोणी कचरावेचकांमध्ये काम करते, कोणी रिक्षा चालवते, एक जण बँकेत आहे. रविवारी विहारात बसतो, बाबासाहेब वाचतो आणि कोणाचे रेशनकार्ड, कोणाचा दवाखाना यामागे आठवडाभर धावतो. डॉक्टर आमच्यात कोणी नाही. जे कळले ते रांगेत उभे राहून आणि डॉक्टरांना विचारून विचारून कळले.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. एचआयव्हीच्या औषधांनी माणसे जगवली आहेत. 1 एप्रिल 2004 पासून सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. त्याआधी आपल्या वस्त्यांत तरणीताठी माणसे वाळून मेली आणि त्यांच्या मयतीला लोक लांब उभे राहिले, हे आम्ही लहानपणी पाहिले आहे. आज देशात सुमारे 25 लाख माणसे एचआयव्हीसह जगतात. त्यात महाराष्ट्राचा आकडा सगळ्यांत मोठा. नियमित गोळी घेतली तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की यंत्रालाही सापडत नाही. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात 1 मिलीलीटर रक्तात 1000 पेक्षा कमी प्रती असतील तर विषाणू दबला असे धरतात आणि ही तपासणी साधारण वर्षातून एकदा होते. ही लढून मिळवलेली गोष्ट आहे. ती आम्ही कमी लेखत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की तो आकडा रक्ताचा आहे. बाईचा नाही.

अंगावरून पांढरे जाणे ही आपल्याकडे तक्रार मानलीच जात नाही. आई लेकीला सांगते, असतंच. सासू सांगते, आम्हाला नव्हतं का? 1989 साली डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 बायांची तपासणी करून निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडले होते. 92 टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. आणि त्याआधी आयुष्यात कधी अशी तपासणी झालेल्या बाया किती, तर फक्त 8 टक्के. या एचआयव्हीच्या बाया नव्हत्या, साध्या गावातल्या बाया होत्या. म्हणजे विषाणू यायच्या आधीपासून ही बाई जंतू, आग, दुखणे अंगावर काढत जगत होती. एचआयव्ही आला तेव्हा तिच्यासाठी नवे केंद्र उघडले, नवे रजिस्टर आले, पण जुना न विचारलेला प्रश्न तसाच राहिला.

मावशीने त्या दोन वर्षांत काय केले ते ऐका. पहिल्यांदा तिने डेटॉलच्या पाण्याने आतून धुतले. मग तुरटीच्या पाण्याने. आग वाढली. मग गल्लीतल्या डॉक्टरकडे गेली. तिथे एचआयव्हीचे सांगितले नाही, कारण त्याचा कंपाउंडर वस्तीतलाच. पांढरे जाते म्हणजे हाडे झिजतात, अंगातली ताकद जाते, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या दिल्या. लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियमची पांढरी. पोटात जळजळते म्हणाली, तर वरून अॅसिडिटीचे गुलाबी औषध. हे सगळे ती पहाटे चार वाजता, कोठीवर हजेरीला निघण्याआधी, एचआयव्हीच्या गोळीसोबतच उपाशीपोटी घ्यायची. त्या वेळी घरात कोणी जागे नसते ना!

आम्हाला कळल्यावर आम्ही तिला एका सरकारी दवाखान्यात नेले. तिथे तिची तक्रार ऐकून घेतली आणि हिरवे पाकीट हातात दिले. सरकारी कार्यक्रमात लैंगिक आजारांच्या औषधांची रंगीत पाकिटे असतात. लक्षण पाहून पाकीट द्यायचे, अशी पद्धत आहे. योनीतून स्राव जात असेल तर हिरवे. तपासणीची सोय नसलेल्या ठिकाणी ही पद्धत उपयोगाची आहे, हे मान्य. पण स्राव कशाचा आहे ते पाकिटाला कळत नाही. तो बुरशीचा असू शकतो, ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा असू शकतो, योनीतल्या उपयोगी जिवाणूंचा तोल बिघडल्यामुळे असू शकतो, किंवा गर्भाशयाच्या तोंडाशी गनोरिया-क्लॅमिडियासारखा संसर्ग असू शकतो, ज्याचे पुष्कळ बायांत काही लक्षणच दिसत नाही. पडदा, टेबल, उजेड आणि पाच मिनिटे एवढे लागते आत पाहायला. मावशीला टेबलावर कोणी घेतले नाही. पंधरा दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच. पुन्हा हिरवे पाकीट.

आणि मग वर्षभराने व्हायरल लोडचा पुढचा रिपोर्ट आला. आकडा 1000 च्या वर गेला होता.

केंद्रातल्या त्या दिवशीचे बोलणे आम्हाला विसरता येत नाही. "गोळ्या चुकवल्यास ना? खरं सांग." मावशी म्हणत होती, नाही चुकवल्या. लेकीच्या बाळंतपणाला गावी गेले तेव्हा चार दिवस डबा काढता आला नाही, तेवढेच. समोरच्या माणसाला फक्त चार दिवस ऐकू आले. तीन महिने समुपदेशनाला यायचे, पुन्हा तपासणी, तरीही आकडा खाली आला नाही तर औषध बदलण्याचा विचार, असे ठरले. नियम म्हणून ते बरोबरच आहे. पण बोलण्याचा सूर आरोपीशी बोलण्याचा होता. कालची शाबासकी मिळवणारी बाई आज गुन्हेगार झाली.

उत्तर सापडले ते एका तरुण डॉक्टर ताईंमुळे. त्यांनी एवढेच विचारले, "याबरोबर आणखी काय काय घेता?" मावशीने पिशवीतून लाल, पांढरी, गुलाबी सगळी फौज काढली. ताईंनी कपाळाला हात लावला. आता बहुतेकांना जी एक गोळी मिळते, टीएलडी, तिच्यात डोल्युटेग्राविर नावाचे औषध असते. लोह, कॅल्शियम आणि अॅसिडिटीची काही औषधे त्या डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात. उपाशीपोटी एकत्र घेतली तर औषध रक्तात पुरेसे पोचत नाही. लोह आणि कॅल्शियम जेवणासोबत घेतले तर चालते. नाहीतर एचआयव्हीची गोळी त्यांच्या 2 तास आधी किंवा 6 तास नंतर घ्यावी लागते. अॅसिडिटीचे औषध तर एवढे अंतर ठेवूनच घ्यायचे.

आकडा नेमका कशाने वाढला, गावच्या चार दिवसांनी की पहाटेच्या या मिसळीने, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. दोन्ही असेल. पण साखळी पाहा. अंगावरून जाते, ते कोणी तपासत नाही, म्हणून ती ताकदीच्या गोळ्या घेते, त्या गोळ्या एचआयव्हीच्या औषधाच्या आड येतात, आकडा वाढतो आणि बोलणी तीच खाते. ज्या दुखण्याला कार्यक्रमात जागा नव्हती, त्या दुखण्यानेच कार्यक्रमाचा आकडा बिघडवला असावा. बाईचे शरीर तुकड्यातुकड्याने सांभाळता येत नाही, हे यातून आम्ही शिकलो. (वाचणाऱ्या बहिणींना विनंती, हे वाचून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पिशवी घेऊन केंद्रावर जा आणि विचारा.)

आता दुसरी बाजू. काही जण विचारतील, रक्तात विषाणू दबला असेल आणि योनीत संसर्ग असेल, तर तिच्यापासून जोडीदाराला धोका आहे का? हा प्रश्न नीट समजून घेऊ, कारण यावरून बायांना पुन्हा भीती घातली जाते.

योनीत किंवा गर्भाशयाच्या तोंडाशी संसर्ग झाला की तिथे सूज येते, शरीराच्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. एचआयव्ही याच पेशींत घर करतो. म्हणून उपचार न घेणाऱ्या बाईत अशा संसर्गाने स्रावातला विषाणू वाढतो. आणि एचआयव्ही नसलेल्या बाईला असा संसर्ग किंवा जखम असेल तर एचआयव्ही लागण्याचा धोका वाढतो. गोळी नियमित चालू असली की बहुतेक बायांत रक्ताबरोबर स्रावातलाही विषाणू दबतो. कधीमधी, विशेषतः संसर्ग असताना, स्रावात थोडा विषाणू सापडल्याचे संशोधकांनी पाहिले आहे. पण त्याने जोडीदाराला लागण होते का? 2011 साली 9 देशांतल्या 1763 जोडप्यांच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात आपल्या पुण्यातली जोडपीही होती. लवकर उपचार दिल्याने जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी कमी झाली. 2016 साली युरोपातल्या 14 देशांतल्या जोडप्यांचा अभ्यास आला. कंडोमशिवाय सुमारे 58 हजार वेळा संबंध होऊनही, ज्यांचा विषाणू दबलेला होता त्यांच्याकडून जोडीदाराला एकदाही लागण झाली नाही. त्यातल्या काहींना मधल्या काळात इतर लैंगिक आजार झालेले होते, तरीही.

म्हणजे मावशी कोणासाठी धोका नव्हती. पण गंमत पाहा, हा प्रश्न विचारताना आपल्या मनात पहिला कोण येतो? जोडीदार. ती नव्हे. बाईच्या जननमार्गाकडे व्यवस्थेने नेहमी दुसऱ्यासाठीच पाहिले. इंग्रजांनी छावण्यांच्या गावांत लॉक हॉस्पिटले काढली ती गोऱ्या सोल्जरला रोग लागू नये म्हणून. वेश्यांना पकडून तपासायचे, सोल्जर मोकळा. एचआयव्ही आल्यावर गर्भवतीची तपासणी सुरू झाली ती बाळासाठी. ते आवश्यकच होते, हजारो बाळे वाचली. पण बाळ झाले, बाळ निगेटिव्ह निघाले, की आईच्या कमरेखालच्या भागातला सगळ्यांचा रस संपला.

आणि दोष मात्र तिच्याच माथी. नव्वदच्या दशकात या शहरात एचआयव्ही म्हटले की लोक बुधवार पेठेकडे बोट दाखवत. पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत 1993 ते 1996 या काळात आलेल्या 916 बायांची पाहणी भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉक्टरांनी केली. ती 1997 साली प्रसिद्ध झाली. धंद्यातल्या बायांपैकी निम्म्या बायांना लागण होती. पण ज्या धंद्यात नव्हत्या, त्यांच्यातही 13.6 टक्के बायांना लागण होती. आणि यातल्या बहुतेकींचा आयुष्यात एकच पुरुष, तो म्हणजे लग्नाचा नवरा. मंगळसूत्र हे संरक्षण नव्हते, हे याच शहराने जगाला दाखवले. तरी आजही नवरा मेला की सासरचे म्हणतात, हिनेच आणले.

आता मावशीच्या गोष्टीतला तो भाग, जो लिहावा की नाही यावर आमच्यात दोन रविवार वाद झाला. मावशीच म्हणाली, लिहा.

मावशी विधवा आहे. नवरा जाऊन बारा वर्षे झाली. केंद्रावर कार्डावर "विधवा" लिहिले आहे. म्हणून तिला कंडोम कधी दिले गेले नाहीत. एकदा तिने स्वतः मागितले तर खिडकीतून उत्तर आले, "तुला कशाला?" ती परत फिरली. खरी गोष्ट अशी की गेली पाच वर्षे तिचा एक सोबती आहे. तोही एचआयव्हीसह जगतो, तोही गोळ्या घेतो. आम्ही शेवटी तिला ज्या डॉक्टर बाईंकडे नेले, त्यांनी टेबलावर घेऊन नीट तपासले, स्रावाची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ट्रायकोमोनास निघाला. मग त्यांनी शांतपणे विचारले, "सोबत कोण असतं? त्यांनाही औषध द्यावं लागेल, नाहीतर तुम्हाला पुन्हा होणार." एवढे साधे वाक्य. तीन वर्षांत कोणी ते बोलले नव्हते. आणि एचआयव्ही असलेल्या बाईला या रोगासाठी एका डोसापेक्षा 7 दिवसांचा कोर्स जास्त उपयोगी पडतो, हेही तिथेच कळले. दोघांनी औषध घेतले. हिरव्या पाकिटांनी जे झाले नव्हते ते सात दिवसांत झाले.

विधवेला शरीर नसते, ही समजूत कोणाची? ही मनूची समजूत आहे आणि ती सरकारी खिडकीत बसलेली आहे. याच पुण्यात 1863 साली जोतीराव आणि सावित्रीमाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांना त्यांनी सांगितले, या, बाळंत व्हा, इथे तुमचा जीवही वाचेल आणि लेकराचाही. आधी चारित्र्याचा दाखला आणा, असे सांगितले नाही. दीडशे वर्षांनंतर त्याच शहरात एका विधवेला कंडोम मागितल्यावर "तुला कशाला" हे ऐकावे लागते.

यात जात कुठे आली, असे विचारणारे आहेतच. सांगतो. मावशी झाडणकाम करते, ठेकेदाराकडे. पहाटे आरोग्य कोठीवर हजेरी, मग दुपारपर्यंत रस्ता. त्या रस्त्यावर तिच्यासाठी मुतारी नाही. जिथे आहे तिथे पाणी नाही. म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही. पाळीच्या दिवसांत तेच कापड दुपारपर्यंत. घरी आल्यावर वस्तीच्या सार्वजनिक संडासात रांग, आणि अंघोळ दाराआड, घाईत. झाडू कोणाच्या हातात आहे, ते मोजायला जनगणनेची गरज नाही. कोठीवर जाऊन हजेरीपटावरची आडनावे वाचा. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला तो तहानेसाठी नव्हता, माणूस म्हणून उभे राहण्यासाठी होता. आज आपली बाई शहरभर पाण्याच्या बाटल्या झाडत फिरते आणि तिला स्वतःला धुवायला तांब्याभर पाणी मिळत नाही. चवदार तळ्याचा लढा अजून संपलेला नाही, तो आता कोठीच्या मोरीपर्यंत न्यायचा आहे.

पण बोट फक्त व्यवस्थेकडे दाखवून आम्ही सुटणार नाही. दरवर्षी 14 एप्रिलला आम्ही आरोग्य शिबिर घेतो. शुगर, बीपी, चष्मे. बाया रांगेत असतात. सात वर्षांत एकदाही आम्ही बायांची आतली तपासणी ठेवली नाही. का? मंडपाला पडदा नव्हता, असे आम्ही एकमेकांना सांगितले. खरे कारण लाज. आमच्यातले पुरुष म्हणाले, हा बायांचा विषय. बाया म्हणाल्या, पुरुषांसमोर कसे काढायचे. स्त्रीमुक्तीवर भाषणे देणारे आम्ही, मावशीच्या सोबत्याचे कळल्यावर आमच्यातल्याच एकाचे तोंड वाकडे झाले होते. त्याने हे वाक्य इथे राहू द्या असे स्वतः सांगितले आहे.

लाजेच्या या विषयावर बाबासाहेबांनी काय केले, ते आठवा. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 साली त्यांच्या बाजूने वकील म्हणून कोर्टात उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. खटला हरले. पण शरीराबद्दल प्रश्न विचारणे आणि शास्त्राने उत्तर देणे हा गुन्हा नाही, ही बाजू त्यांनी घेतली. पुढे 1938 साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयींसाठी त्यांच्या पक्षाने ठराव आणला. आपण मात्र बाबासाहेबांच्या फोटोसमोर "योनी" हा शब्द उच्चारायला घाबरतो.

या गप्प बसण्याची किंमत मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याचा धोका इतर बायांपेक्षा 6 पट असतो. कारण तो रोग आणणारा एचपीव्ही विषाणू तिच्या शरीरातून लवकर जात नाही. व्हायरल लोड दबलेला असला तरी ही तपासणी लागतेच. संघटनेचा सल्ला आहे की अशा बाईची तपासणी वयाच्या 25 व्या वर्षापासून सुरू करावी आणि दर 3 ते 5 वर्षांनी करावी. यासाठी फार मोठे यंत्रही लागत नाही. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहायचे, पांढरा डाग दिसला तर पुढचे उपचार. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख बायांमध्ये ही पद्धत तपासली. डॉक्टर नसलेल्या, दहावी शिकलेल्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ती केली आणि या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. दहावी शिकलेल्या पोरी हे करू शकतात, तर अडते कुठे?

मावशीसोबत त्या दिवशी आम्ही आणखी पाच जणींना नेले होते. मावशीची चाचणी स्वच्छ आली. त्यातल्या एकीची नाही आली. तिचा व्हायरल लोड चार वर्षे उत्तम होता, तिला कसलाच त्रास नव्हता. कर्करोग व्हायच्या आधीच डाग सापडला, म्हणून तो जाळून काढता आला. ती 34 वर्षांची आहे, दोन लेकरे आहेत. मावशी बसमध्ये बसली असती, तर आम्ही तिथे गेलोच नसतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. एआरटी केंद्रावर खोकला-तापाबरोबर प्रत्येक बाईला अंगावरून जाणे, आग, जखम, ओटीपोटात दुखणे याबद्दल विचारा. सोबत आणखी कोणत्या गोळ्या घेता ते विचारा. त्याच इमारतीत, त्याच दिवशी, बाई डॉक्टर किंवा परिचारिकेकडून पडद्याआड तपासणी होऊ द्या. दुसऱ्या तारखेला बोलावणे म्हणजे तिची आणखी एक हजेरी बुडवणे. पाकीट देण्याआधी आत पाहा, आणि जोडीदाराच्या औषधाबद्दल बोला. कंडोम खिडकीत न ठेवता बाहेर ठेवा, कोणालाही कारण न विचारता घेता येतील असे. गर्भाशयमुखाची तपासणी एआरटी कार्डावर व्हायरल लोडच्या शेजारी नोंदवा. आणि महापालिकेने प्रत्येक कोठीवर बायांसाठी पाणी असलेला, कडी लागणारा संडास द्यावा. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने उपचारात भेदभाव करायला मनाई केली आहे आणि गुप्तता पाळायला सांगितले आहे. "तुला कशाला" हे उत्तर त्या कायद्याच्या भावनेत बसते का, हे अधिकाऱ्यांनी सांगावे.

बहिणींनो, पांढरे जाते, वास येतो, खाज सुटते, तर ते "असतंच" नव्हे. आतून डेटॉल, साबण, तुरटीने धुवू नका. गोळी सोडू नका. तपासून मागा. एकटे जायला भीती वाटत असेल तर आम्ही येतो.

मावशीचा आकडा तीन महिन्यांनी पुन्हा खाली आला. या वेळी चहा पिताना आम्ही रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी विचारले, "आग आहे का अजून?" ती म्हणाली, "नाही." मग रिपोर्ट उघडला.

या वर्षी 14 एप्रिलच्या शिबिरात मंडपाच्या मागच्या बाजूला पडदा लावलेली एक खोली असेल. आत टेबल असेल, उजेड असेल, बाई डॉक्टर असतील. पडदा आमच्यातल्या पुरुषांनी शिवून घेतला आहे.

जयभीम!